कुसुदांकडचे एकोणीस दिवस

पालनपूरचा अमुलख बोटीने योकोहामाला उतरला, आणि तिथले दुकान भूकंपात जमीनदोस्त झाल्यावर रडत न बसता कोबेला आला. अमुलखाचा मुलगा व्रजलाल याने कोबेच्या टेकडीवर घर बांधले; लढाईत ते जळले, तेव्हा त्याच जोत्यावर पुन्हा तेवढेच बांधले. व्रजलालाचे चिरंजीव जसवंतलाल, म्हणजे माझे यजमान, यांनी त्या घरात मोत्यांची पेढी चालवली, आणि पंच्याण्णव सालच्या भूकंपात पश्चिमेची भिंत पडली तेव्हा विटा स्वतःच्या हाताने वेचल्या. आणि जसवंतलालांचा मुलगा कीर्तिकुमार. हा मोत्यावरचा डाग दिव्याशिवाय ओळखतो. आईच्या चेहऱ्यावरचे मात्र त्याला अठ्ठावन्न वर्षांत एक अक्षर वाचता आलेले नाही. तीन पिढ्यांनी आगीतून आणि भूकंपातून राखलेले घर घालवायला आता आगीची गरज नव्हती. माझा मुलगा पुरेसा होता.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी गॅसची नळी तपासायला म्हणून एक मनुष्य आला. नळीकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. खिशातून फीत काढून तो भिंती मोजू लागला. मी त्याला चहा दिला. दिवाणखान्याची लांबी त्याने चुकीची घेतली होती, ती दुरुस्त करून दिली. तो गेल्यावर पेढीच्या मेजावरचा लिफाफा उघडून पाहिला. पाहायला मला कुणाची परवानगी लागत नाही. त्यात वाळकेश्वरच्या एका सदनिकेचा नकाशा होता आणि बारा डिसेंबरचे मुंबईचे तिकीट होते. एकच. बाकीच्यांनी दुबई ठरवली होती.

दोन दिवसांनी माझी सून फाल्गुनी खोलीत येऊन पलंगाच्या कडेवर बसली. ती अशी कडेवर बसली की समजावे, काहीतरी मागायचे आहे.

“बा, किती दिवस झाले, आपण सगळे मिळून कुठे गेलोच नाही!”

“मागच्या महिन्यात गेलो होतो. तू फोनमध्ये होतीस, म्हणून आठवत नसेल.”

“अरिमाला जाऊ या. दोन रात्री. गरम पाण्याचे झरे, डोंगर, शांतता. झंखनाही सुट्टी घेतेय.”

आमच्या लोकांच्या सहली मी साठ वर्षे पाहते आहे. चाळीस माणसे, तीन दिवसांचे थेपले, एक आचारी, त्याची शेगडी, आणि त्या शेगडीवरून भांडणारी दोन कुटुंबे. फुजी पर्वत आम्ही अकरा वेळा पाहिला. प्रत्येक वेळी नाश्ता आणि जेवण यांच्या मधे, चार मिनिटे. बर्फ पाहायला नागानोला गेलो, तर बसमध्ये बसून पत्ते खेळलो, आणि परतताना सर्वांचे एकमत झाले की अबू याहून बरे. फाल्गुनी अँटवर्पला वाढलेली, म्हणून तिची तऱ्हा निराळी. ती डबे नेत नाही. ती छायाचित्रे आणते.

“येईन,” मी म्हटले. “पण कुसुदांकडे उतरायचे.”

“कोण कुसुदा?”

“अरिमात विचार. सापडेल.”

*

गाडीत माझ्या डब्यांची पिशवी मागे ठेवताना कीर्तीने सुस्कारा टाकला. मी ऐकला.

“बा, एवढे डबे कशाला? जेवण तिथे मिळतंच की.”

“तुला मिळतं.”

“मी सांगून टाकलंय त्यांना,” फाल्गुनी पुढच्या आसनावरून म्हणाली, “की आमच्या काही खास अटी नाहीत. उगाच आपलं हे चालत नाही, ते चालत नाही! किती लाज वाटते. आणि खरं सांगू का बा, त्या जागेला लोकांनी पाचात तीनच दिलेत. लिहिलंय, गालिचा जुना आहे.”

“तुझ्या माहेरचाही जुना होता. मी कुठे काही लिहिलं नाही.”

झंखना, माझी नात, खिडकीकडे तोंड करून हसली. तिला तेवीस वर्षे पूर्ण होत आली आहेत, ओसाकाला नोकरी करते, आणि आईवडिलांनी तिला या सहलीत एक काम नेमून दिले होते: विषय तिने काढायचा. बा तिला नाही म्हणणार नाही, असा हिशेब. बोगदा संपेपर्यंत ती फोनवर काहीतरी लिहीत होती आणि खोडत होती. कीर्ती गाडी हळू चालवत होता. लहानपणी गणितात नापास होऊन आला की तो असाच हळू चालत घरी येई.

कुसुदांच्या सराईच्या दारात साचिको गुडघे टेकून बसली होती. ही घरची सून; मी तिला शेवटचे पाहिले तेव्हा ती नवी नवरी होती, आता केस पांढरे. तिने माझ्याकडे पाहिले, मग इतकी खाली वाकली की कपाळ लाकडाला लागले. फाल्गुनीला वाटले, हे सर्वांसाठीच असते.

“जेवण साडेसहाला,” खोलीत येताच फाल्गुनीने जाहीर केले. “बा, आज एक दिवस तरी सगळ्यांबरोबर बसा. कोण बघतंय सूर्य मावळला की नाही?”

“सूर्य.”

तिने कीर्तीकडे पाहिले, कीर्तीने बागेकडे. मी पिशवीतून डबा काढणार, तोच दार सरकले. सव्वाचार वाजले होते. साचिकोने माझ्यापुढे लाकडी तबक ठेवले. भात, मिठाच्या पाण्यात उकडलेला टोफू, तिळाच्या कुटातला पालक, आणि उकळून निववलेले पाणी.

“नवं पातेलं आहे,” ती म्हणाली. “मासा, कांदा, काही लागलेलं नाही. सासूबाईंनी वरून सांगितलंय.”

“त्या वर आहेत? खाली का आल्या नाहीत?”

साचिकोने तबकाची कड सरळ केली. ती आधीच सरळ होती. “वसंतात झटका आला. उजवी बाजू गेली. बोलतात थोडं. पण सात महिने झाले, त्या कुंडात उतरल्या नाहीत. आठवड्यातून दोनदा नगरपालिकेची बाई येते अंग पुसायला, तर दात आवळून पडून राहतात. मला तर हातच लावू देत नाहीत. म्हणतात, मी लोकांना न्हाऊ घातलं, लोकांनी मला घालायचं नाही.”

मी जेवले. भाताला पूर्वीचीच चव होती. फाल्गुनी माझ्याकडे पाहत होती; या घराला आपल्याआधी कुणीतरी सांगून ठेवले, एवढेच तिला खटकले होते.

*

पुढचे मी पाहिलेले नाही, झंखनाने मला सांगितले आहे, आणि ती मला खोटे सांगत नाही.

माझ्या रात्रीच्या औषधासाठी गरम पाणी आणायला ती खाली स्वयंपाकघरात गेली. दारामागच्या भिंतीवर वर्तमानपत्राची कात्रणे टाचलेली होती, बोटाएवढी, तांबूस पडलेली, एकाखाली एक. सर्वांत वर एक नवे, पांढरे, आजच्या तारखेचे.

“हे काय आहे?” तिने साचिकोला विचारले.

“सूर्यास्ताच्या वेळा. रोजच्या पेपरात येतात ना.”

“ही जुनी?”

“भूकंपाच्या वर्षीची. एक परदेशी बाई आल्या होत्या, सूर्य मावळला की अन्नाला शिवत नसत. गावात पाणी नाही, वीज नाही, अर्ध्या कोबेचे लोक इथे आंघोळीला रांगा लावून उभे. तरी सासूबाई रोज आधी पेपर बघायच्या, मग तांदूळ धुवायच्या.”

झंखनाने जुनी कात्रणे मोजली. एकोणीस.

“त्या बाईंच्या खांद्याचं हाड मोडलं होतं,” साचिको म्हणाली. “लोणच्याच्या बरण्यांचं कपाट पडलं अंगावर. हात वर होत नव्हता. सासूबाई रोज न्हाऊ घालायच्या, पाठ चोळायच्या, केस धुवायच्या. बाई फार मानी. परक्यासमोर पदरही ढळू द्यायच्या नाहीत. मग सासूबाईंनी काय करावं? स्वतःच्या डोळ्यांना टॉवेल बांधला! रोज बांधायच्या, आणि चाचपडत पाणी घालायच्या. आम्ही पोरी दाराबाहेर हसून लोळायचो.”

“मग त्या बाई परत आल्या नाहीत कधी?”

“दर नव्या वर्षाला फळांची पेटी येते. सासूबाई आठ दिवसांत तेवढ्याच मोलाची पेटी उलट पाठवतात. ती बहुधा तुम्हीच खाल्ली असेल. नाशपती असतात.”

झंखना म्हणते, तिच्या हातातले पाणी तिथेच निवले. त्या नाशपतींवर ती लहानाची मोठी झाली होती.

मी पाठवलेले काही त्या बाईने कधी ठेवून घेतले नाही. तेवीस वर्षे पेट्या गेल्या आणि पेट्या आल्या, आणि माझे देणे होते तिथेच राहिले. स्वतः यायला हवे होते, हे मला पहिल्या वर्षीच ठाऊक होते. ज्या घरात दुसऱ्याच्या हातांवर जगले, त्या घराची पायरी पुन्हा चढायला मी धजले नाही. हा गर्व होता. त्याला मी दुसरे नाव देत नाही.

त्या संध्याकाळी साडेसहाला माझी मंडळी जेवली. साचिकोने न विचारता, न सांगता, तिघांच्याही सारातून मासा वगळला होता. फाल्गुनी म्हणाली, “साराला चवच नाही. म्हणून तर पाचात तीन.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी, नाश्ता झाल्यावर, कीर्तीने दार लावले. चटईवर चौघे बसलो. फाल्गुनीने झंखनाला कोपराने ढोसले. तिला वाटते, मला फक्त लांबचे दिसते.

झंखना फोन उलटा ठेवून म्हणाली, “पप्पा, पंच्याण्णवमध्ये भूकंप झाला तेव्हा तुम्ही कुठे होता?”

“हाँगकाँगला. मोत्यांच्या लिलावाला. तुला माहीत आहे. हे मधेच काय?”

“आणि मम्मी अँटवर्पला, मी झाले होते म्हणून. आणि बा?”

“बा कोबेला.”

“कुठे कोबेला?”

“शाळेत. सगळे आपले लोक शाळेतच होते ना, छावणीत.”

“तिला विचारलंत तुम्ही?”

मला माहीत आहे, कीर्तीच्या डोक्यात त्या क्षणी काय चालले होते. तो आठवत होता की आपण विचारले होते की नाही, आणि नाही हे कळल्यावर, आता विचारले तर चालेल का, हे शोधत होता.

“झंखना,” फाल्गुनी म्हणाली, “आपण हे बोलायचं ठरवलं होतं का?”

“नाही. हे ठरवलं नव्हतं.”

“मग मीच बोलते. बा, रागावू नका. घर विकायचं आम्ही ठरवतोय. पेढीत आता काही राहिलं नाही. कीर्ती दुबईला काम बघतोय. तुमच्यासाठी वाळकेश्वरला जागा घेतोय, दर्शनाला देरासर समोरच, लिफ्ट आहे, दिवसरात्र बाई—”

“बारा डिसेंबरला,” मी म्हटले. “खिडकीजवळचं आसन. लिफाफा तरी नीट चिकटवायचा.”

कीर्तीचे कान लाल झाले. “बा, तू वाचलंस?”

“दिवाणखाना सव्वीस फुटांचा आहे. तुझ्या गॅसवाल्याने चोवीस लिहिला होता. मी नसते तर तू दोन फूट फुकट दिले असतेस. असा तू व्यापारी.”

“तुला एकटीला त्या टेकडीवर कसं ठेवायचं? चव्वेचाळीस पायऱ्या आहेत!”

“पंचेचाळीस.”

“बघा, हे असं!” फाल्गुनीचा आवाज चढला. “तुम्हाला सगळं हसण्यावारी न्यायचंय. तुम्ही देवळात जायला निघता तेव्हा रोज मी खालच्या पायरीवर उभी असते. चपला शोधतेय, फोन आलाय, असं काहीतरी सोंग करते. तुम्ही पडाल म्हणून! सहा वर्षं! कधी दिसलं तुम्हाला?”

मला दिसले नव्हते. मी समजत होते, तिला चपला सापडत नाहीत. माझ्या सुनेविषयी माझे मत मी एका वाक्याने बदलणार नाही. पण ते वाक्य मी बाजूला ठेवून घेतले.

“बारा तारखेला मी मुंबईला जाणार नाही,” मी म्हटले. “आजपासून एकोणीस दिवस मी इथे राहणार आहे. एकोणिसावा दिवस बारा तारखेलाच येतो. मोजून पाहा.”

“इथे? कशासाठी?”

“वर एक बाई आहे. तिला न्हाऊ घालायचं आहे.”

कीर्तीने माझ्याकडे असे पाहिले, जणू वाळकेश्वरला आता माझ्यासाठी दोन बायका ठेवाव्या लागतील. तेव्हा झंखनाने त्याला सगळे सांगितले. कपाट, खांदा, टॉवेल, कात्रणे. स्वतःविषयीचे मी दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते, आणि मुलीने ते बरे सांगितले, थोडे वाढवून. शेवटी कीर्ती एवढेच म्हणाला, “मला कुणी सांगितलं नाही.”

“तू विचारलं नाहीस.”

“मी बाजवळ राहते,” झंखना म्हणाली. “ओसाकाला इथून बस आहे.”

“तूसुद्धा!” फाल्गुनी म्हणाली. सहलीला निघताना माझ्याविरुद्ध तिघे होते. आता दोन, आणि त्यातला एक बागेकडे पाहत होता.

*

सासूला, तोमिएला, खुर्चीत बसवून साचिकोने दुपारी, पाहुणे नसताना, लहान कुंडाच्या खोलीत आणले. छपन्नाव्या वर्षी बादल्या दोन-दोन उचलणारी ती बाई आता पाखराएवढी झाली होती. मला पाहून तिने तोंड भिंतीकडे फिरवले.

“नको,” ती म्हणाली. जीभ जड, पण शब्द स्वच्छ.

“मीही नको म्हटलं होतं,” मी म्हणाले. “तू ऐकलं होतंस?”

“पेटी... आली. पेटी पाठवली. फिटलं.”

“नाशपतींनी पाठ धुतली जात नाही, तोमिए-सान.”

साचिको बाहेर गेली. मी दार लावले, कंबरेच्या पिशवीतून छोटा टॉवेल काढला आणि डोळ्यांवर बांधून मागे गाठ मारली. एक हात लांबवून चाचपडले, तर हाताला भिंत लागली. दुसऱ्यांदा चाचपडले, तर बादली उपडी झाली.

मग एक आवाज आला. मला वाटले, खोकला. ती हसत होती.

“मूर्ख बाई,” तोमिए म्हणाली. “मला दिसतंय ना. तू... लुगड्यात. लुगडं भिजलं.”

एकाऐंशी वर्षांची मी, समरथबेन, जिच्यापुढे कोबेच्या पेढ्यांवरचे दलाल उठून उभे राहत, डोळ्यांना फडके बांधून ओल्या लुगड्यात उभी होते. मी फडके सोडले. मग लुगडे सोडले. नवऱ्यासमोरही दिवा मालवून राहिलेली मी, भर दुपारी त्या खोलीत उघडी झाले, आणि छत कोसळले नाही. तोमिएने माझ्या खांद्याकडे पाहिले, हाड जिथे वाकडे जुळले आहे तिथे, आणि डाव्या हाताने स्वतःच्या झग्याचा बंद ओढू लागली. तो तिला सुटेना. मी सोडवला.

पाणी तांबूस आणि कडक होते. मी तिची पाठ धुतली. मानेपासून कंबरेपर्यंत, तिने जशी धुतली होती तशी, घाई न करता.

“एक,” तोमिए म्हणाली.

असे रोज झाले. कीर्ती आणि फाल्गुनी ठरल्या दिवशी परत गेली. चौथ्या दिवशी बसने एक खोके आले: थेपले, खाखरे, आणि माझ्या गुडघ्यांचे तेल, फाल्गुनीच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसह. थेपले जाड होते. मी सगळे खाल्ले. सातव्या दिवशी कीर्तीचा फोन आला, आणि त्याने विचारले, “बा, तेव्हा फार दुखत होतं का?” तेवीस वर्षे उशिरा; पण विचारले. मी म्हटले, “हो.” मग बराच वेळ आम्ही दोघांनीही फोन ठेवला नाही.

बारा तारखेला मुंबईचे विमान माझ्याशिवाय गेले. त्या दुपारी तोमिए म्हणाली, “एकोणीस.”

“फिटलं,” मी म्हटले.

तिने मान हलवली. नाही.

“काय नाही? कात्रणं एकोणीस आहेत.”

“पहिली रात्र,” ती म्हणाली. “जेवली नाहीस. न्हाली नाहीस. दारात... पाय. चिखल.”

ते मी विसरले होते. अंधार पडल्यावर यजमानांनी मला त्या दारात आणून बसवले होते, पायात एकच चप्पल, आणि ही बाई काही न बोलता पाणी घेऊन खाली बसली होती. मी विसरले, देणारी विसरली नव्हती. असली काटेकोर माणसे मला फार थोडी भेटली आहेत.

तेरा तारखेला सकाळी कीर्ती गाडी घेऊन आला. फाल्गुनीही होती, ती दारातच उभी राहिली, चपला काढाव्यात की नाही अशा बेताने. कीर्तीच्या हातात लिफाफा नव्हता.

“घर घेणाऱ्याला मी नकार कळवला,” तो म्हणाला. “आणि खालच्या अंगाने जिन्याला कठडा बसवतोय. माणूस येईल मोजायला. खरा.”

“दुबई?”

“बघू. आधी कठडा.”

“कठडा बसवलास म्हणून मी तुझी देणेकरी नाही, कीर्ती. राहिले तर माझ्या मर्जीने राहीन.”

“हो बा.”

साचिकोने तोमिएला दारातल्या लाकडी पायरीवर आणून बसवले. मी खाली बसायला गेले, तर गुडघे वाकेनात. कुणी पुढे व्हायच्या आत फाल्गुनीने माझे दोन्ही दंड धरले आणि मला जमिनीवर बसवले, जपून, पायरीवर रोज उभे राहून तिला जे करावे लागले नव्हते ते. कीर्तीने साचिकोच्या हातातली झारी घेतली. अठ्ठावन्न वर्षांच्या माझ्या मुलाने वाकून पाणी ओतले, आणि मी तोमिएचे पाय धुतले, आधी उजवा, ज्यात जीव नव्हता, मग डावा. बोटांच्या मधूनही धुतले. मग पदराने पुसले.

तोमिएने डावा हात वर केला.

“वीस,” ती म्हणाली, आणि मूठ मिटली.